नात, ट्यूबलाइट आणि मेगापिक्सेल

परवा भाच्याचा फोन आला. त्याचं पिल्लू पुढच्या महिन्यात वर्षाचं होतंय, धरून धरून उभं राहायला लागलंय. "मावशी, कॅमेरा घ्यायचाय. फार पैसे नाहीत हं! ऑनलाइन एक बघितलाय, ६४ मेगापिक्सेलचा, पाच-सहा हजारांत मिळतोय. घेऊ का?"

मी म्हटलं, "मुळीच घेऊ नकोस." इतक्या ठामपणे मी त्याला त्याच्या लग्नाच्या वेळीसुद्धा काही सांगितलं नव्हतं! का नको, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे २००९ साली असाच एक कॅमेरा आला होता. १२ मेगापिक्सेलचा, खिशात मावणारा. घरात दोघंही शिक्षक, तरी आम्ही आकड्याला भुललो. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, घरात एकच ट्यूबलाइट. नात पलंगाची कड सोडून ह्यांच्याकडे निघाली. पहिलीच चार पावलं. मी घाईघाईने बटण दाबलं. कॅमेऱ्याने क्षणभर विचार केला (हो, तेव्हाचे छोटे कॅमेरे विचार करायचे!) आणि मग फोटो काढला. त्यात पलंगाची चादर इतकी स्वच्छ आली आहे की तिच्यावरची फुलं मोजता येतील. नात म्हणजे फ्रॉकचा गुलाबी फराटा. आणि तिला धरायला पुढे झुकलेले हे... चेहऱ्याच्या जागी नुसती धुरकट पट्टी. त्याच वर्षी दिवाळीनंतर हे गेले. नातीच्या पहिल्या पावलांचा, दोघांचा मिळून, तेवढा एकच फोटो.

चूक कुठे झाली हे मला फार उशिरा कळलं. आता जरा गणित करू, सवय जात नाही.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आपण अल्बममध्ये लावतो तो फोटो ४ बाय ६ इंचांचा. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, झाले २१ लाख ६० हजार. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! मग ६४ कशाला हवेत? आणि अनोळखी नावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांत हा आकडा बरेचदा खराही नसतो, मधले ठिपके सॉफ्टवेअरने भरून फुगवलेला असतो.

मुलांच्या फोटोला लागतो तो वेग, आणि वेगाला लागतो उजेड. समजा, ट्यूबलाइटच्या उजेडात तुमच्या कॅमेऱ्याला फोटोसाठी सेकंदाचा २५वा हिस्सा लागतो. सेकंदाला मीटरभर चालणारं पोर तेवढ्यात ४ सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. म्हणून तो फराटा. तोच फोटो सेकंदाच्या २५०व्या हिश्शात निघाला, तर पोर सरकतं फक्त ४ मिलिमीटर. चेहरा ओळखू येतो.

हे साधायचं कसं? लेन्सच्या कडेला १:१.८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स झूम केल्यावर ५.६ वर जाते. १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. शिवाय आतला सेन्सर मोठा हवा. छोट्या कॅमेऱ्यात तो करंगळीच्या नखाएवढा असतो, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. अंधुक उजेडात हा फरक लगेच दिसतो.

तेव्हा माझं मत असं. पैसे कमी असतील तर नवा कोरा स्वस्त कॅमेरा घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा जुना डीएसएलआर वापरलेला घ्यावा. निकॉनचा डी४० हा २००६ सालचा, फक्त ६ मेगापिक्सेलचा, पण घरातल्या मुलांसाठी आजही कामाचा आहे. त्याला ३५ ची १.८ लेन्स लावावी. ५० ची लेन्सही चांगली, कॅननची तर बऱ्यापैकी स्वस्त असते, पण आपल्या हॉलमध्ये मागे सरकायला जागा कुठे असते? दोन पावलांत पाठ भिंतीला लागते.

घेताना लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी नाही ना ते बघावं, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. बॅटरी चार्ज करून तिथेच वीसेक फोटो काढावेत. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा.

"मोबाईल आहे की!" असं कुणी म्हणेल. दिवसाउजेडी मोबाईल उत्तमच. बोबडे बोल टिपायलाही तोच हवा, डी४० ला व्हिडिओ येत नाही. पण अंधुक उजेडात मोबाईल बरेचदा अनेक फोटो एकत्र करून एक फोटो बनवतो, आणि हलत्या मुलाचं तोंड त्यात बरेचदा पुसटतं. शिवाय मोबाईल दिसला की पोर खेळणं टाकून कार्टून मागतं! कॅमेऱ्याकडे दोन दिवस बघतं, मग विसरून जातं. आणि आपल्याला हवं असतं ते विसरलेलं मूल.

असो. नात यंदा बारावीला आहे. मागच्या महिन्यात तो फोटो हातात घेऊन म्हणाली, "आजी, आजोबा हसत होते का गं?" होते. अगदी तोंडभर. पण ते मला सांगावं लागलं, फोटोत दिसत नाही.

तर बाळा, ६४ चा नाद सोड. रविवारी आपण दोघं वापरलेला कॅमेरा बघायला जाऊ. टॉर्च मी आणते.