यंदा कशाला मागणी आहे?

एमसीए किंवा एम.टेक.ला प्रवेश मिळाला की मध्यमवर्गीय घरात पेढे येतात, आणि पेढे संपायच्या आत दुसरी विवंचना सुरू होते. विशेष विषय कोणता घ्यायचा? डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर सुरक्षा, क्लाउड, की साधे सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग? माहिती तंत्रज्ञानात बरीच वर्षे काढल्यामुळे ओळखीपाळखीची मुले आणि त्यांचे पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यंदा कशाला मागणी आहे?’ यात गैर काही नाही. शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेणाऱ्याला नोकरीचा विचार करू नकोस म्हणणे हा भरल्या पोटाचा उपदेश झाला. अडचण एवढीच की उत्तर मिळते ते यंदाचे आणि पदवी हाती पडते ती दोन वर्षांनी.

मधल्या काळात काय काय होऊ शकते, हे या धंद्याने वारंवार दाखवून दिले आहे. १९९७-९८च्या सुमारास पुण्या-मुंबईत कोबोल आणि मेनफ्रेम शिकवणाऱ्या क्लासांचे पेव फुटले होते. जुन्या प्रणालींत साल दोनच आकड्यांत साठवलेले, त्यामुळे २००० साल उजाडताच हिशेब कोलमडणार, अशी धास्ती होती आणि दुरुस्तीसाठी हजारो हात हवे होते. २००० साल उजाडले, काम आटोपले. पाठोपाठ डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि उशिरा गाडी पकडणारे फलाटावरच राहिले. पुढे ‘बिग डेटा’ आला, २०१७च्या आसपास ब्लॉकचेनचा गजर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने आपल्या कंपनीचे नाव ‘मेटा’ केले तेव्हा आभासी विश्वाचे वारे वाहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले आणि बाकी सारी नावे फिकी पडली. २०२४ पासून तर ‘गेट’ परीक्षेतही डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

पण यावरून ‘लाटेच्या मागे लागू नका’ एवढाच धडा काढला तर तो अर्धवट ठरेल. कारण टाकाऊ ठरवलेले विषयही मरत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या धामधुमीत, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा त्या राज्याच्या जुन्या यंत्रणेला पेलवत नव्हता. आणि उलट बाजूही पाहा. जेफ्री हिंटन यांनी दोघा सहकाऱ्यांसह न्यूरल नेटवर्कना शिकवण्याच्या पद्धतीवरचा गाजलेला निबंध लिहिला १९८६ साली. नंतर बराच काळ ही शाखा अडगळीत पडली होती. २००५ साली एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घेतो म्हटले असते, तर माझ्यासारख्या व्यवहारी सल्लागारांनी त्याला वेड्यात काढले असते. २०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत हिंटन यांच्या चमूने बाजी मारली आणि चित्र पालटले. २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले. मागणीचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो, तो असा.

मग निवड कशाच्या आधारे करायची? आधी ‘स्पेशलायझेशन’ या भारदस्त शब्दामागे प्रत्यक्षात किती माल असतो ते पाहावे. एमसीए पूर्वी तीन वर्षांचे होते, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचे झाले. चार सत्रांपैकी शेवटचे बहुतेक ठिकाणी प्रकल्पात किंवा कंपनीतील उमेदवारीत जाते. बी.कॉम. किंवा बी.एस्सी.हून आलेल्यांची सुरुवात पाया भरून काढण्यात जाते. उरते काय? ऐच्छिक विषयांचे तीन-चार पेपर. एवढ्या भांडवलावर कोणी तज्ज्ञ होत नाही. त्यातून अलीकडे अनेक महाविद्यालयांनी नाव ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ केले, पण शिकवणारे तेच आणि प्रयोगशाळाही तीच. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही, हे आपल्याला किराणा घेताना कळते, प्रवेश घेताना कळत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. जे नोकरीत लागल्यावर सहा महिन्यांत शिकता येते, त्यासाठी पदव्युत्तर पदवीतली वर्षे घालवू नयेत. अमुक कंपनीचा क्लाउड कसा वापरावा, तमुक साधनाने आलेख कसे काढावेत, हे नोकरी शिकवते. पण डेटाबेस आतून कसा चालतो, ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीचे वाटप कसे करते, नेटवर्कवर निरोप हरवला तर काय होते, संभाव्यताशास्त्र आणि रेषीय बीजगणित, हे एकदा सुटले की पुढे संसार-नोकरीच्या रगाड्यात बसून शिकणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

हे पुस्तकी बोलणे नाही. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली १९७० साली. यूपीआयवरून होणारे व्यवहार ऑगस्ट २०२५ मध्ये प्रथमच महिन्याला दोन हजार कोटींच्या वर गेले. भाजीवाल्याला पाठवलेले चाळीस रुपये आपल्या खात्यातून वजा व्हावेत आणि त्याच्या खात्यात जमा व्हावेत, किंवा दोन्ही होऊ नयेत, मध्येच अडकू नयेत, हा प्रश्न डेटाबेसवाल्यांनी यूपीआयच्या कितीतरी आधी अभ्यासलेला आहे. ज्याला तो कळला, त्याला साधन कोणतेही चालते.

सायबर सुरक्षेचेही तसेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर जगभरच्या एटीएममधून पैसे निघत होते, कारण बँकेच्या मूळ प्रणालीला विचारण्याऐवजी मध्येच उभ्या केलेल्या खोट्या स्विचकडून त्यांना होकार मिळत होता. हा प्रकार समजून घ्यायचा तर एटीएम, स्विच आणि बँकेची मूळ प्रणाली एकमेकांशी कशी बोलतात ते ठाऊक हवे. ‘एथिकल हॅकिंग’च्या नावाखाली दहा तयार साधने चालवायला शिकून ते भागत नाही. सुरक्षा हा विशेष विषय मी जरूर सुचवतो, पण नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम ज्याला मनापासून आवडते त्यालाच.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? गणिताची आवड असेल तर अवश्य. नसेल तर दुसऱ्याने बनवलेल्या मॉडेलला प्रश्न विचारण्यापलीकडे मजल जाणार नाही, आणि ते तर आता शाळकरी मुलेही करतात. साधा प्रोग्राम यंत्र लिहून देऊ लागल्यावर नवशिक्यांची पहिली नोकरी कोणती, हा प्रश्न आहेच. अनुभवी लोकही सुरक्षित नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांची कपात जाहीर केली, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. यंत्राने लिहिलेल्या प्रोग्राममधली चूक हेरायची तर पुन्हा पाया लागतोच.

परदेशी एम.एस.ला जाणाऱ्यांचे गणित आणखी बिकट. कर्ज डॉलरमध्ये फेडायच्या हिशेबाने काढलेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. विशेष विषय कितीही चलतीचा असला तरी असा फटका तो परतवू शकत नाही.

तेव्हा पालकांना मी विषयाच्या नावाऐवजी दुसरीच चौकशी करायला सांगतो. ऐच्छिक विषय माहितीपत्रकात किती आहेत हे पाहू नका, गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती चालले ते विचारा. वीस विद्यार्थी नसतील तर पेपर उघडत नाही, असा नियम असेल तर तेही विचारा, कारण मग निवड तुमची नसून बहुमताची असते. तो विषय कोण शिकवतो, त्या व्यक्तीने त्यात स्वतः काही काम केले आहे काय, ती नियमित नेमणुकीवर आहे की तासिका तत्त्वावर? आणि गेल्या दोन वर्षांतले प्रकल्प अहवाल पाहायला मागा. एकच ‘हजेरी नोंदवणारी प्रणाली’ पाच जणांनी सादर केली आहे, की कोणी खरोखर काही मोजून, तपासून पाहिले आहे, हे अर्ध्या तासात कळते. अहवाल विभागाच्या कपाटात असतात. चौकशीला गेलेल्यांपैकी ते मागणारा मला अजून एकच पालक भेटला आहे, आणि ते गृहस्थ एसटीत हिशेब तपासनीस होते.