पप्पा, नवीन लॅपटॉप नको!

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावे. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण घरी फोनवर तो मराठीतच बोलला जातो. "पप्पा, लॅपटॉप पार गेलाय हो. इंजिनीअरिंगला चांगला लागतो." हे वाक्य एकदाही म्हटलं गेलं नाही अशी एक रूम आपल्या होस्टेलमध्ये दाखवा, माझ्याकडून वडापाव!

मीही म्हटलं. मागच्या सेमला, सबमिशनच्या आठवड्यात. माझा लॅपटॉप म्हणजे खरं तर दादाचा. त्याने तो २०१७ साली घेतला, त्यावर डिग्री काढली आणि नोकरी लागल्यावर मला दिला. सकाळी बटण दाबायचं, बादली घेऊन अंघोळीला जायचं, परत येऊन केस विंचरायचे, तरी स्क्रीनवरचे ठिपके गोल फिरतच असायचे. त्या रात्री असेंब्ली सेव्ह करताना तो हँग झाला आणि तीन तासांचं काम गेलं. मी रडत घरी फोन केला. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "बघतो" म्हणाले. दोन दिवसांनी मम्मीकडून कळलं, की 'बघतो' म्हणजे पतसंस्थेत पंचावन्न हजारांच्या कर्जाची चौकशी. दादाच्या शिक्षणाचं कर्ज आत्ता कुठे फिटत आलंय.

मला कसंतरीच झालं. कारण पप्पांना मी जे सांगितलं ते खरं आहे का, हे मी तपासलंच नव्हतं. टी.ई. मेकॅनिकलची मुलगी! गाडी चालू होत नाही म्हटल्यावर आपण आधी पेट्रोल बघतो, मग प्लग बघतो. थेट शोरूमला जात नाही. मग लॅपटॉपच्या बाबतीतच आपली अक्कल कुठे जाते?

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं. टास्क मॅनेजर उघडला (तोही सावकाश!). प्रोसेसर १२ टक्के. मेमरी ५५ टक्के, कारण दादाने मागेच रॅम वाढवून ८ जीबी केली होती. आणि डिस्क, १०० टक्के. म्हणजे ज्याला आपण म्हातारा म्हणून शिव्या देत होतो तो प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसला होता. अडलं होतं हार्डडिस्कपाशी.

हार्डडिस्कमध्ये आपल्या ब्रँचचाच मामला आहे. आत एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडचा हात योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण दहा. बेरीज करा. सेकंदाला साठ-पासष्ट तुकडे शोधून आणले की तिची दमछाक. आणि विंडोज सुरू होताना इकडेतिकडे पडलेल्या हजारो छोट्या फाइल्स मागते. एका वाढप्यावर सगळी मेस सोडली तर दुसरं काय होणार? एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, पेनड्राइव्हमध्ये असते तसलीच फ्लॅश मेमरी. तिला एक तुकडा आणायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. मोठी फाइल सरळ कॉपी करताना फरक चार-पाच पटींचा दिसतो, पण या चिल्लर कामात तो शंभर पटींच्याही वर जातो. आणि लॅपटॉप आपल्याला 'स्लो' वाटतो तो या चिल्लर कामामुळेच.

माझी रूममेट म्हणाली, "अगं, म्हाताऱ्या बैलाला नवी घुंगरं कशाला? तेच पैसे नव्यात घाल ना!" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. एसएसडीने सिम्युलेशन लवकर सुटत नाही, रेंडरिंगही नाही. ते काम प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं. रॅम ४ जीबीच असेल तर आधी ती वाढवावी, कारण रॅम भरली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं. आणि माझ्या लॅपटॉपची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. डिस्क बदलून ते बदलणार नव्हतं. मी मधला रस्ता काढला. नेटवर जायचं असेल तर उबुंटू, आणि विंडोज १० फक्त कॅडपुरतं, वायफाय बंद ठेवून. कटकट आहे, पण पंचावन्न हजारांची नाही. मला अजून दीड वर्ष काढायचंय. प्लेसमेंट झाली तर नवा लॅपटॉप मी माझ्या पगारातून घेईन.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवा. "ताई, ही एनव्हीएमई घ्या, सगळ्यात फास्ट," असं मलाही सांगितलं गेलं. माझ्या लॅपटॉपला तो स्लॉटच नाही! त्यात अडीच इंची साटा डिस्कच बसते. आधी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल बघा, मगच खिशात हात घाला. २०२५ च्या शेवटापासून मेमरीच्या किमती चढल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटर्सची भूक आपल्या होस्टेलपर्यंत पोचली म्हणायची! २५६ जीबीची एसएसडी आणि जुन्या डिस्कसाठी यूएसबीचं केसिंग, दोन्ही मिळून मला साडेचार हजार पडले. दिवाळीचे ओवाळणीचे पैसे कामी आले.

खरी भीती डिस्क बदलण्याची नव्हती, ती चार स्क्रूंची गोष्ट आहे. भीती होती जुन्या डिस्कवरच्या सामानाची. दादाचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि आजीचे शेवटच्या गणपतीतले फोटो, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं तर पिवळा रंग आणि 'कॉशन'. डिस्कचे सेक्टर मरायला लागले होते. स्लो आहे, स्लो आहे म्हणून मी सहा महिने नुसती कुरकुर करत बसले होते! रात्री दोनपर्यंत जागून आधी फोटो काढून घेतले, पेनड्राइव्हवर आणि दादाच्या लॅपटॉपवर. मग बाकीचं. तुम्हीही हे आजच करा, एसएसडी घ्या किंवा घेऊ नका. आणि एसएसडी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. हार्डडिस्क बरेचदा मरायच्या आधी करकरते, एसएसडी एक शब्द न बोलता जाऊ शकते.

आता माझा लॅपटॉप पंचवीस सेकंदांत सुरू होतो. अंघोळीची वेळ पुन्हा शोधावी लागली!

स्टाफ हे पान वाचतो असं ऐकलंय, म्हणून धीर करून लिहिते. आपल्या कॅड लॅबमध्ये मशीन सुरू होऊन सॉफ्टवेअर उघडेपर्यंत अटेंडन्स, मागच्या ॲसाइनमेंटची तपासणी आणि अर्ध्या बॅचच्या गप्पा उरकतात. सगळी मशीन बदलायची तर ग्रँटची वाट बघावी लागणार. सर, तोपर्यंत एकाच मशीनची डिस्क बदलून स्टॉपवॉच लावून बघूया का? रीडिंग घ्यायला आम्ही येतो, जर्नलमध्ये लिहूनसुद्धा देतो.

डिस्क बसवली त्याच संध्याकाळी घरी फोन केला. "पप्पा, नवीन लॅपटॉप नको. कर्जाचा फॉर्म भरला नाही ना?" ते म्हणाले, आणून ठेवलाय, सही राहिली आहे. मग मी टास्क मॅनेजरपासून सगळं सांगितलं, आधी न बघताच फोन केला होता हेही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर विचारतात कसे, "आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पण असाच फिरत बसतो गं. त्यात बसेल का ते?"