साधा व्यायाम

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांमध्यें शरीर कमावण्याची आवड वाढत चालली आहे. हें पाहून आम्हांस संतोष वाटतो. परंतु ह्या आवडीनें जी वाट धरली आहे तिजविषयीं विद्यार्थ्यांशीं, व विशेषेंकरून त्यांच्या पालकांशीं, चार शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आरसे लावलेल्या व्यायामगृहांत महिन्याचे पैसे भरावयाचे, मोबाइलवर पाहिलेला नवा प्रकार आज करावयाचा व उद्यां टाकावयाचा, आणि महिनाभरांत दंड फुगले नाहींत म्हणजे भुकटीचा डबा मागावयाचा, असा हा क्रम आहे. नववीच्या एका मुलानें अशा डब्यासाठीं घरीं दोन दिवस अन्न वर्ज्य केलें. त्याचे वडील मार्केट यार्डांत हळदीचीं पोतीं वाहतात. त्यांच्या किती दिवसांच्या हमालीचा तो डबा होता, हा हिशेब मुलानें केला नव्हता. गणितांत तो कच्चा नाहीं.

शक्तीचीं कामें मुळांत मोजकींच आहेत. बसून उठणें, जमिनीवरून उचलणें, दूर लोटणें, आपल्याकडे ओढणें आणि भार घेऊन चालणें, एवढ्यांत बहुतेक सर्व शरीर येतें. बैठकेंत मांड्या, नितंब व कंबर एकदम राबतात. जोरांत छाती, खांदे, दंड व पोट. एकेका स्नायूसाठीं निराळें यंत्र शोधणाऱ्यास जें तासाभरांत साधत नाहीं, तें ह्या दोहोंनीं थोड्या वेळांत साधतें. दुसरी गोष्ट अशी कीं, नवशिक्याच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाहीं. मज्जातंतूच त्याच्याकडून अधिक काम करवून घेण्यास शिकतात. म्हणजे बळ आधीं येतें आणि आकार मागाहून. आरशापुढें उभें राहणारा मुलगा नेमका ह्याच वेळीं निराश होऊन व्यायाम सोडतो. वहींत रोजचा आंकडा टिपणारा सहसा सोडीत नाहीं.

ह्या विचाराचा मोठा प्रयोग आपल्याच मुलखांत झाला. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः नित्यनेमानें सूर्यनमस्कार घालीत व आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांनीं ते सुरू केले. औंध सातारा जिल्ह्यांत आहे. पण त्याच संस्थानांतील आटपाडी व कुंडल हीं गांवें आज सांगली जिल्ह्यांत मोडतात. साधन कांहीं नाहीं, जागा हातभर, खर्च शून्य. १९३८ सालीं त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें आणि औंधचा व्यायाम विलायतेंतील वाचकांपर्यंत गेला. त्याबरोबर मंत्र म्हणावे कीं न म्हणावे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. गुडघे व मणके धर्म विचारीत नाहींत. आमच्या मतें त्यांत एकच उणीव आहे : ओढण्याचें काम त्यांत नाहीं. ती उणीव दोर, मल्लखांब किंवा साधा आडवा बार भरून काढतो.

पंतप्रतिनिधींचें राज्य गेलें, आतां त्या व्यायामानें काय होणार, असें कोणी म्हणेल. त्यानें आपल्या सांगलीच्या संकेत सरगर ह्याजकडे पाहावें. पानटपरीवर चालणाऱ्या घरांतला हा मुलगा. जुलै २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धांत ५५ किलोंच्या गटांत त्यानें ११३ व १३५ मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक एका किलोनें हुकलें. ज्या खेळांत हें पदक मिळालें त्यांत प्रकार किती? अवघे दोन! आणि त्यांची तयारी तरी कशी होते? भार खांद्यावर घेऊन बैठका, जमिनीवरून ओढ, डोक्यावर ढकल. तेंच तें, वर्षानुवर्षें. त्या दिवशीं त्याच्या कोपराला इजा झाली, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ती शक्तीच्या अगदीं टोकावर झाली. आमच्या विद्यार्थ्यांस त्या टोकापासून पुष्कळ अलीकडे थांबावयाचें आहे.

वजन उचलल्यानें मुलाची उंची खुंटते, ही पालकांची जुनी भीति. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, बेताचा भार व बिनचूक पद्धत असल्यास तिला आधार सांपडलेला नाहीं. उलट जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांकरितां रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायू व हाडें बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. त्यांत मुलीही आल्या. मार्च २०२३ मध्यें महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलींतच झाली व ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनें जिंकली. तेव्हां मुलींनीं बैठका काढणें शोभत नाहीं, हें निदान ह्या गांवांत तरी कोणी बोलूं नये.

एक पालक आम्हांस म्हणाले, भार वाहण्यानेंच शक्ति येत असेल तर हमालाचें शरीर सर्वांत उत्तम असावयास हवें. प्रश्न मार्मिक आहे. हमालास पोत्याचें वजन ठरवितां येत नाहीं आणि थकल्यावर थांबतां येत नाहीं. म्हणून चाळिशींत त्याची कंबर जाते. व्यायामांत भार आपण निवडतों, तो हळूहळू वाढवितों, आणि मधला विसाव्याचा दिवस हाही व्यायामाचाच भाग असतो. पूर्वीचे लोक हजार बैठकांच्या गोष्टी सांगतात, त्यांचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. वीस बैठका सहज निघूं लागल्या म्हणजे संख्या शंभरावर नेण्यापेक्षां वाळूची लहान पिशवी छातीशीं धरावी. जोर निघत नसतील तर प्रथम ओट्यावर हात टेकून काढावे.

शाळेनें यंत्रें घ्यावीं, अशी सूचना ह्या वर्षी पालकसभेंत आली होती. आम्ही तिच्या विरुद्ध आहों. मैदानाच्या कडेला तीन उंचींचे तीन लोखंडी बार, दोन दोर व वाळूच्या पिशव्या एवढें मिळाल्यास आमचें काम भागेल. वेळ पहिल्या घंटेच्या आधीं पंचवीस मिनिटें, आठवड्यांतून तीन दिवस. वही मात्र ज्याची त्यानें आणावी, आणि वार्षिक परीक्षेच्या महिन्यांतही ती कोरी राहूं नये, ह्याकडे पालकांनीं लक्ष द्यावें.