भूगर्भांत कोंडलेलें पाणी आणि वायु

नैसर्गिक वायु भूमीखालीं एखाद्या विस्तीर्ण गुहेंत सांठलेला असतो, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. वस्तुतः तो वाळूच्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत राहतो, आणि त्या छिद्रांत त्याच्या आधींपासून पाणी नांदत असतें. तेव्हां वायूचें वर्तन समजावयाचें, तर प्रथम या पाण्याचा दाब समजून घेतला पाहिजे.

दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३००० मीटरांवर तो साधारण ३०० वातावरणांचा झाला. हा स्वाभाविक हिशेब होय. परंतु कित्येक खोऱ्यांत दाब याहून फार अधिक आढळतो. त्याचें कारण आमच्या भगिनीवर्गास चटकन् उमजेल. श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत बांधून वर वजन ठेविलें, कीं पाणी निथळतें व चक्का घट्ट होतो. तेंच दहीं मेणकापडांत घट्ट बांधलें तर? पाण्यास वाट नाहीं, चक्का दबत नाहीं, आणि वरचें वजन पाण्यासच पेलावें लागतें! नदीनें चिकणमातीचे थर भराभर एकावर एक रचले म्हणजे हेंच घडतें. ओल्या मातीवरील भार कण आणि पाणी यांत कसा वांटला जातो, हें कार्ल टेर्झाघी यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत दाखवून दिलें.

आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी या पठारावरील माती आंध्रांत नेऊन टाकते. कृष्णा-गोदावरींच्या मुखाशीं गाळाचे थर कित्येक हजार मीटर जाड आहेत, आणि त्यांतील चिकणमातीच्या खडकांत असा कोंडलेला दाब ठिकठिकाणीं आढळला आहे.

हा दाब वायूचा रक्षक होतो, तसा वैरीही. द्रव काय, वायु काय, अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. म्हणून वरचा मातीचा थर अधिक दाबाचा असला, तर खालच्या वायूस त्यांतून वर जातां येत नाहीं. यासारखें झांकण दुसरें नाहीं. शिवाय दाबाखालीं वायु आकुंचन पावून थोड्या जागेंत पुष्कळ मावतो. मात्र छिद्रांतील दाब छताच्या खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला, कीं खडक तडकतो आणि लक्षावधि वर्षांचा सांठा निसटून जातो. दाब अधिक तितका वायु अधिक, असें सांगणारे अर्धेंच सांगतात.

विहीर खणणारा या दाबास जड चिखलानें तोलून धरतो. चिखल हलका पडला तर वायु उसळतो. फार जड झाला तर खडक फुटून चिखलच नाहींसा होतो. या दोहोंमधील वाट कधीं कधीं फार अरुंद असते. १९९५ च्या जानेवारींत, आजच्या कोनसीमा जिल्ह्यांतील पासरलपुडी येथें विहिरींतून वायु उसळून पेटला. ती आग विझावयास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि भोंवतालच्या खेडुतांस घरेंदारें सोडावीं लागलीं.

कोंडलेला दाब अगदींच न सांगतां येत नाहीं. तेथील माती खोलीच्या मानानें पोकळ राहिलेली असते, ध्वनिलहरी तींतून मंद जातात, गिरमिट एकाएकीं भरभर उतरूं लागतें. हीं लक्षणें खणणारे टिपून ठेवितातच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्यांचा अर्थ शेजारच्या गांवासही सोप्या तेलुगूंत सांगितला जावा, आणि रात्रीं अपरात्रीं कोणत्या वाटेनें निघावयाचें, हें तेथील लहान मुलांसही ठाऊक असावें.