एकाच पातेल्यातले मीठ

मे महिन्याच्या उन्हात सध्या गच्च्या आणि अंगणे वाळवणांनी भरली आहेत. वर पापड, कुरडया, सांडगे. खाली स्वयंपाकघरात मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडींना परातीत पाणी सुटते आहे. दोन दिवसांत बरण्या भरतील, तोंडाला दादरे बांधले जातील, वर्षाची बेगमी होईल. याच हंगामात, १७ मे रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिन येतो. घरातले सर्वाधिक मीठ ज्या दिवसांत हाताखालून जाते, त्याच दिवसांत त्याचा हिशेब मांडलेला बरा.

हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे जेमतेम चहाचा एक चमचा. आमटी-भाजीतले, लोणच्या-पापडातले, फरसाण, पाव आणि बिस्किटांतलेही त्यातच आले. चौघांच्या घराला दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी पन्नास दिवस तरी पुरायला हवी. पिशवी फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि ती संपते कधी ते पाहा. जगात सरासरी माणूस या मर्यादेच्या दुप्पट मीठ खातो. आपले घर त्याला अपवाद असेलच असे नाही.

मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. ते जास्त झाले की रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा दाब चढतो. हा दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही, आणि कळतो तेव्हा अनेकदा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असतो.

मग घरात ओळखीचे दृश्य सुरू होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले, म्हणून आजोबांची आमटी मीठ घालण्याआधी वेगळ्या वाटीत काढली जाते. बाकीच्यांच्या पानात नेहमीची आमटी, शेजारी लोणचे, तळलेला पापड. आजोबा दोन घास खातात आणि कोणाचे लक्ष नाहीसे पाहून मिठाकडे हात नेतात. सून रागावते, ते गप्प होतात. त्या वाटीने त्यांना पंगतीत बसवूनही पंगतीबाहेर काढलेले असते. अशी शिक्षा कोण किती दिवस भोगणार?

आमचे म्हणणे एवढेच आहे, की वाटी वेगळी काढू नका. पातेल्यातलेच मीठ कमी करा. आज घरातल्या चाळिशीच्या मुलाला आणि दहा वर्षांच्या नातवालाही त्याची तितकीच गरज आहे. जिभेला सवय लागते तशी ती मोडतेही. मीठ थोडे थोडे कमी करत नेले, तर काही आठवड्यांत तेवढेच पुरेसे वाटू लागते. आमसूल, लिंबू, चिंच, आले-लसूण, भाजलेले जिरे, जवसाची किंवा कारळाची चटणी ही चवीची शिदोरी आपल्याकडे आहेच. भात बिनमिठाचा शिजतो, भाकरी बिनमिठाची होते. लोणच्यातले मीठ मात्र ते टिकण्यासाठी असते, ते कमी केले तर बुरशी धरेल. तेव्हा बरणीच लहान भरावी आणि पानात फोड एकच वाढावी. पापडखारातही सोडियमच असते, हे लाट्या करताना आठवावे.

दोन गैरसमजही दूर व्हायला हवेत. सैंधव मीठ निर्धोक, असे मानून अनेक जण ते सढळ हाताने वापरतात. पण त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले मीठ मात्र खरोखर वेगळे आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा काही औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बाजारच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. एवढे एक गणित घरातल्या शाळकरी मुलाला शिकवले, तर वाण्याच्या दुकानात तोच आपल्याला थांबवील.

आपल्याकडे नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. स्वयंपाकात जे आहे तेवढे देवाला पुरते. घरातल्या सगळ्यांच्या पानात डाव्या हाताची ती जागा आजपासून मोकळी ठेवू या. मग आजोबांनाही तिच्याकडे हात न्यावा लागणार नाही.