कुरणाचा कारभार

सार्वजनिक कार्याचे जे प्रकार आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत शाळा, वाचनालय, देवस्थान वा पतपेढी यांच्या कारभाराला जी प्रतिष्ठा लाभली, ती गावच्या कुरणाच्या कारभाराला कधी लाभली नाही. आणि म्हणूनच गेल्या वर्षी माणदेशातील आमच्या गावच्या कुरण समितीचे अध्यक्षपद ग्रामसभेने माझ्याकडे सोपविले, तेव्हा गवतासाठी समिती कशाला हवी, असा प्रश्न मला अनेकांनी मनापासून विचारला. हे पद मानद आहे. त्याला वेतन नाही, दंड करण्याचा अखत्यार नाही, आणि मुदत एका वर्षाची आहे. ती मुदत या महिन्यात संपली. कुरण राखणे म्हणजे गुरांना नुसते हाकलून लावणे नव्हे, तर त्यांना पाळी लावून देणे होय. आणि ती पाळी ज्यांच्या पोटावर येते, त्यांच्या संमतीवाचून ती एक हंगामही टिकत नाही, अशी या वर्षाअखेर माझी खात्री झाली आहे. ती सप्रमाण मांडावी, एवढाच या लेखाचा उद्देश.

आमच्या मुलखात वर्षाकाठी पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीचा. जमीन बरड, मुरमाड, वीतभर खणले की खडक लागणारी. अशा जमिनीत बाजरीदेखील धड पदरात पडत नाही, परंतु गवत येते, आणि ते शतकानुशतके येत आले आहे. भारतातील गवताळ प्रदेशांचे जे पाच मुख्य वर्ग दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली निश्चित केले, त्यांतील शेडा, पवन्या आणि मारवेल या गवतांचा वर्ग प्रामुख्याने आपल्या द्वीपकल्पाचा आहे. मराठेशाहीत घोडदळासाठी सरकारी कुरणे राखून ठेवीत, आणि ज्या भीमथडीच्या तट्टांनी दख्खनी फौजांना वेग दिला, ती याच पठारी गवतावर पोसलेली होती. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद कायम ठेवली, आणि विदर्भात तर निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत रयतेच्या चराईच्या हक्कांची नोंद आजही आढळते. कागदावर गायरान सुरक्षित आहे. प्रत्यक्ष माळावर मात्र जनावरांना गोड लागणारी मारवेल आणि पवन्या प्रथम नाहीशी होतात, त्यांच्या जागी कुसळी माजते, आणि कुसळीही तुडविली गेली की ज्याला गुरे तोंड लावीत नाहीत असा तरवड तेवढा उभा राहतो.

हे असे का होते, ते मला एका ओघळीच्या काठावर समजले. पावसाने दरड ढासळून मारवेलाचा एक जुना ठोंब मुळांसकट उघडा पडला होता. जमिनीवरची पाती गुरांनी खाऊन चार बोटेसुद्धा उरली नव्हती. परंतु खाली मुळांचे दाट जाळे मुरमाच्या फटींतून दीड हात खोल उतरले होते, आणि त्या जाळ्यात धरलेली माती काळपट व ओलसर होती, तर शेजारचा उघडा मुरूम पाऊस पडून दोन दिवस होतात न होतात तोच कोरडाठक पडला होता. गवताचे भांडवल जमिनीखाली असते, आणि पाती हे त्या भांडवलाला अन्न पुरविणारे साधन आहे. अमेरिकेतील फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले, की पात्यांचा निम्म्याहून अधिक भाग एकदम छाटला गेला, तर मुळांची वाढ थांबते, आणि छाटणी जितकी जबर तितके दिवस ती थांबलेलीच राहते. 'निम्मे चारा, निम्मे राखा' हा तिकडच्या कुरण-व्यवस्थापनाचा दंडक याच ज्ञानाला धरून आहे. त्या देशात १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी शेते आणि कुरणे उजाड केल्यानंतर, १९४८ साली, पशुपालक आणि अभ्यासक यांनी मिळून कुरण-व्यवस्थापनाची जी संस्था स्थापन केली, तिचे अध्यक्षपदही एका वर्षाचे आणि स्वयंसेवेचे आहे, हे वाचून मला आपल्या लहानशा कामाविषयी विशेष आस्था वाटली.

आता हा दंडक आमच्या कुरणाला लावून पाहू. मध्यम बांध्याच्या एका गाईला दिवसाला सात ते आठ किलो वाळला चारा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच ते तीन टन. बरड जमिनीवरील राखलेल्या कुरणात हेक्टरी दोन-तीन टन वाळले गवत मिळाले, आणि त्यातले निम्मे मुळांसाठी सोडले, तर एका गाईच्या वर्षाच्या चाऱ्याला साधारण दोन हेक्टर कुरण हवे. गावच्या दावणीला असलेली जनावरे आणि गायरानाचे क्षेत्र यांचा मेळ या हिशेबात कोठेच बसत नाही. म्हणून बारमाही मोकाट चराईचा विचार सोडून, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कोणाची जनावरे, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे ठरविणे हेच समितीचे खरे काम ठरले.

पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत संपूर्ण चराईबंदी करावी, असा प्रस्ताव काही सभासदांनी आषाढाच्या आरंभी मारुतीच्या पारावरील बैठकीत मांडला. शास्त्रदृष्ट्या त्यात वावगे नव्हते, कारण गवत वाढते ते याच महिन्यांत. परंतु आमच्याकडील मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास आपले वाडे घेऊन पश्चिमेकडे निघतात, कोणी नदीकाठच्या बागायती गावांत तर कोणी थेट कोकणात उतरून शेतांत मेंढ्या बसवितात, त्याबदली धान्य व पैसा घेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. म्हणजे बंदीचे चार महिने नेमके त्यांच्या घरी असण्याचे महिने. सभेत मागे बसलेले एक वृद्ध मेंढपाळ, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, ते उठून म्हणाले, "गुरुजी, गवत राखा, आमचं काय म्हननं न्हाई. पर आमी घरी असतो तेच चार महिनं तुमी बंद करताय. मग मेंढरं काय आमी डोईवर घिऊन बसायची?"

मी म्हणालो, "तात्या, मग पाळी तुम्हीच सांगा."

"कुसळी कवळी हाय तवर मेंढरू खातंय," ते म्हणाले, "भादव्यात तिला कुसळ धरलं, की त्येच कुसळ लोकरीतनं कातड्यात शिरतंय. तवा टेकाडावरली कुसळी आदी आमास्नी द्या, आनि खालची मारवेल राखा."

त्या दोन वाक्यांत आमच्या वर्षाची आखणी होती. कोवळेपणी चरली गेलेली कुसळी दबते, तिचे बी कमी धरते, आणि मारवेल-पवन्याला जागा मोकळी होते. मेंढीलाही तिचा उपयोग होतो तो कुसळे धरण्यापूर्वीच. त्याप्रमाणे टेकाडाचा खंड मेंढ्यांना भाद्रपदापर्यंत दिला. खालच्या सखल भागाचे तीन खंड पाडले. त्यांपैकी एक बी झडेपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, पूर्ण बंद ठेवला, आणि उरलेल्या दोहोंत गवत गुडघ्याला लागल्यावर गाई-म्हशींना आळीपाळीने सोडले. बंद खंड दरवर्षी बदलत जाईल, असे ठरावातच लिहिले.

सामाईक कुरणाविषयी विद्वानांत मोठा वाद झालेला आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले, की सर्वांना मोकळे असलेले कुरण अखेर उजाड होणारच, कारण एक जनावर वाढविण्याचा लाभ एकट्याचा असतो आणि हानी मात्र सर्वांची. त्याला सबळ उत्तर दिले ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात. अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि तो सन्मान त्यांना २००९ साली लाभला. त्यांनी दिलेल्या दाखल्यांत स्वित्झर्लंडमधील तोर्बेल या गावाचा १५१७ चा एक नियम आहे: हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या घरच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात डोंगरावरील सामाईक कुरणात सोडाव्यात. आपल्याकडेही अकोला-वाशिमच्या बाजूला फासेपारधी समाजाच्या लोकांनी स्वतः नियम घालून गवताळ माळ राखले आणि तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याला आसरा दिला. हार्डिन यांचे कुरण बिनधन्याचे होते. ज्या कुरणाचे नियम त्याचे उपभोक्ते स्वतः करतात, त्याची गोष्ट निराळी असते.

तथापि नियम करणे सोपे आणि चालविणे अवघड. १८७१ च्या कायद्याने चुकार जनावर कोंडवाड्यात घालता येते, परंतु आम्ही कोंडवाड्याचा मार्ग जाणूनबुजून टाळला. ज्या विधवेची एकुलती एक शेळी बंद खंडात शिरली, तिच्याकडून सोडवणूक घेतल्याने गवत वाचत नाही आणि समितीविषयीची आपुलकी मात्र संपते. त्याऐवजी राखणदार नेमला, त्याचा पगार घरटी वर्गणीतून दिला, आणि दर पौर्णिमेला जमाखर्च व चराईची नोंदवही चावडीवर मोठ्याने वाचली. बंद खंडात कोणाची जनावरे आली, हेही त्याच वाचनात सांगितले जाई, मग ते जनावर सरपंचाचे असो की मेंढपाळाचे. आणि नियम सर्वांना सारखाच लागतो हे एकदा लोकांच्या कानी पडले, की राखणदाराचे निम्मे काम आपोआप होते. दिवाळीनंतरच्या कापणीचा लिलाव न करता घरटी एक विळा असे प्रमाण ठेवले, आणि भूमिहीनांनाही तोच हक्क दिला. गवत फुलोऱ्यात कापले तर सकस असते, बी झडल्यावर त्याच्या चोयट्या होतात. म्हणून मोकळे खंड लवकर कापले आणि बंद खंड बी पडू देऊन मग कापला.

वर्षातील सर्वांत नाजूक प्रसंग वृक्षारोपणाचा होता. कुरणाच्या मधोमध खड्डे घेऊन झाडे लावण्याची एक योजना गावात आली. झाडांविषयी मला प्रेमच आहे. परंतु ज्या माळावर झाडे विरळच असावीत अशी निसर्गाची योजना आहे, तेथे दाट लागवड केली म्हणजे सावलीने गवत मरते, उघड्यावर घरटी करणारे धाविक आणि चंडोल निघून जातात, आणि काळवीट व लांडगा यांचा अधिवास आकसतो. सरकारी नकाशांत असे माळ बहुधा 'पडीक' या सदराखाली दाखविले जातात, आणि मग पडीक जमीन कोणत्यातरी उपयोगात आणली पाहिजे, हा विचार ओघाने येतो. समितीने अर्ज करून, ठरावाची नक्कल जोडून, झाडे ओघळींच्या काठांपुरती ठेवण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली.

एका वर्षात कुरण सुधारत नाही, आणि तसा दावा मी करीत नाही. बंद खंडात मारवेलाची नवी रोपे जुन्या ठोंबांच्या भोवतीने दिसू लागली आहेत, कुसळी टेकाडावर पूर्वीपेक्षा खुजी आहे, आणि ज्या घरांना दरवर्षी फाल्गुनात कडबा विकत घ्यावा लागे, त्यांतील काहींच्या परड्यात या वेळी गवताची गंजी शिल्लक आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत आमच्या भागातील जनावरे चारा छावण्यांत बांधलेली ज्यांनी पाहिली, त्यांना त्या गंजीचे मोल सांगावे लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. या निमित्ताने वाचकांना माझी विनंती आहे. येत्या १ मे रोजी आपल्या गावची ग्रामसभा भरेल. तीत गायरानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा, तलाठ्याकडून त्याचे गट क्रमांक, क्षेत्र आणि अतिक्रमणांची नोंदवही मागवा, एका वर्षाच्या मुदतीची मानद समिती नेमा, आणि चराईची पाळी ठरविण्यापूर्वी मेंढपाळांच्या घरी स्वतः जाऊन त्यांना सभेचे निमंत्रण द्या.