‘एल्गार’ म्हणजे नेमकं काय? तारीख सांगून करतात तो एल्गार नव्हे!

पीकविम्यासाठी एल्गार, पाण्यासाठी एल्गार, आरक्षणासाठी एल्गार. धाराशिवच्या बातम्यांत हा शब्द सतत दिसतो. डेस्कवर बसून असे मथळे मीही दिलेत. इंजिनिअरिंगला शब्दाचं मूळ थोडंच शिकवतात!

मूळ तुर्की असलेला हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘यलगार’ असंही त्याचं रूप आहे. अर्थ, शत्रूवर वेगाने, अचानक केलेली चढाई. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. तो खरा एल्गार.

आता अर्थ ‘निर्भीड प्रतिकार’ असा रुंदावलाय. सुरेश भटांच्या गझलसंग्रहाचं नावही ‘एल्गार’च. त्यात वावगं काही नाही. पण आठ दिवस आधी बॅनर लावायचे, पोलिसांची परवानगी घ्यायची आणि शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायचं, याला सरळ मोर्चा म्हणावं. (गंमत म्हणजे ‘मोर्चा’ही लढाईतलाच शब्द. आडोसा करून तोफा लावायची जागा!)

२०२० च्या खरिपातल्या सोयाबीनच्या विम्यासाठी जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी पैशांसाठी पुन्हा भांडावं लागलं. तारखांमागून तारखा काढणाऱ्या या चिकाटीला एल्गार म्हटलं, की वाचकाला वाटतं एका दिवसात काम फत्ते झालं. हा लढा आहे. विम्याच्या पुढच्या बातमीला मी तोच शब्द देणार, क्लिक कमी आले तरी.